फ्रेडी चक्रीवादळ आणि दीर्घायुषी सागरी वादळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी-मार्च 2023 मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्म घेऊन अख्खा दक्षिण हिंदी महासागर ओलांडला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ते दोनदा आदळले आणि सर्वाधिक बळी त्याने घेतले ते समुद्रकिनाराच नसलेल्या मलावी देशात. त्याविषयी आणि एकूणच लांब टिकणाऱ्या वादळांविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच माहिती दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

1. चक्रीवादळ, हरिकेन आणि टायफून यांत फरक काय?

रचनेत काहीच नाही. अटलांटिक आणि पूर्व पॅसिफिकमध्ये हरिकेन, पश्चिम पॅसिफिकमध्ये टायफून, हिंदी महासागरात चक्रीवादळ किंवा सायक्लोन. फिरण्याची दिशा मात्र गोलार्धाप्रमाणे बदलते: विषुववृत्ताच्या उत्तरेला वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, दक्षिणेला काट्यांच्या दिशेने. फ्रेडी दक्षिण गोलार्धातले, म्हणून काट्यांच्या दिशेने फिरणारे. ही दिशा लक्षात ठेवा, प्रश्न 11 मध्ये ती कामाला येईल.

2. फ्रेडीचा प्रवास तारखांनिशी सांगाल का?

4 फेब्रुवारी 2023 च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, इंडोनेशियाच्या दक्षिणेकडच्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र जोर धरू लागले. 6 तारखेला ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने त्याला फ्रेडी हे नाव दिले. तिथून ते जवळजवळ सरळ पश्चिमेला निघाले. 14 फेब्रुवारीला 90 अंश पूर्व रेखांश ओलांडून ते रेयुनियाँ बेटावरच्या फ्रेंच हवामान केंद्राच्या हद्दीत आले, आणि 20 तारखेला मॉरिशसच्या उत्तरेकडून शे-सव्वाशे किलोमीटर अंतरावरून गेले.

21 फेब्रुवारीला संध्याकाळी ते मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर मानांझारी शहराजवळ आदळले. बेट ओलांडून मोझांबिकच्या सामुद्रधुनीत उतरले आणि 24 तारखेला विलांकुलोसच्या दक्षिणेला मोझांबिकच्या जमिनीवर चढले. तिथे अनेक दिवस पाऊस पाडून त्याचा वारा उतरला.

इथवरची कहाणी अशा बऱ्याच वादळांची असते. फ्रेडी मात्र मार्चच्या सुरुवातीला मागे फिरून पुन्हा सामुद्रधुनीत आले. 5 मार्चच्या सुमारास त्याने मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला पावसाने झोडपले, तिथून पुन्हा वळले आणि 11 मार्चला झांबेझिया प्रांतात केलिमाने शहराजवळ मोझांबिकवर दुसऱ्यांदा आदळले. पुढचे तीन दिवस ते मोझांबिक आणि दक्षिण मलावीवर जवळजवळ ठाण मांडून होते. 14 मार्चच्या सुमारास विरले.

3. ते खरोखरच जगातले सर्वांत दीर्घायुषी चक्रीवादळ आहे का?

आधुनिक नोंदींपुरते, हो. जागतिक हवामान संघटनेने जुलै 2024 मध्ये हा विक्रम अधिकृतपणे मान्य केला: वादळाच्या (ताशी सुमारे 63 किलोमीटर वारा) किंवा त्याहून वरच्या दर्जात 36 दिवस. त्याआधीचा विक्रम पॅसिफिकमधल्या 1994 च्या जॉन वादळाचा होता, 714 तास म्हणजे पावणेतीस दिवसांचा. अंतराचा विक्रम मात्र आजही जॉनकडेच आहे: जॉन 13,159 किलोमीटर, फ्रेडी 12,785 किलोमीटर. बातम्यांमध्ये हे दोन्ही विक्रम सर्रास फ्रेडीच्या नावावर टाकलेले दिसतात, ते चूक आहे.

अटलांटिकमध्ये 1899 चे सान सिरियाको हरिकेन जवळजवळ 28 दिवस टिकले होते. ते उपग्रहांच्या आधीचे, जहाजांच्या आणि बेटांवरच्या नोंदींवरून जुळवलेले. त्या काळातली आणखी किती दीर्घायुषी वादळे कुणी न पाहताच विरली असतील, हे कोणत्याही यादीत सापडणार नाही.

4. साधारण वादळ किती दिवस जगते? जन्मापासून अंतापर्यंत टप्पे कोणते?

बहुतेक वादळे आठवडाभरात आटोपतात. जन्मासाठी बऱ्याच गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: समुद्राचे पाणी किमान 26.5 अंश सेल्सियस आणि ही ऊब वरवरची नव्हे, तर सुमारे 50 मीटर खोलीपर्यंत; विषुववृत्तापासून साधारण 5 अंशांचे अंतर; मधल्या थरातली हवा दमट; आधीपासून एखादे ढगाळ, कमी दाबाचे क्षेत्र; आणि विंड शिअर कमी. विंड शिअर म्हणजे खालच्या आणि वरच्या हवेतल्या वाऱ्याच्या दिशेत व वेगात असलेली तफावत. ती जास्त असली की ढगांचा मनोरा कलतो आणि उष्णता मध्यावर साठत नाही.

पाण्याच्या वाफेचे ढग होताना सुटणारी उष्णता हे या वादळाचे इंधन. मध्याची हवा तापते, खालचा दाब उतरतो, आणखी दमट हवा आत ओढली जाते, आणखी ढग उठतात. हे चक्र जमले की मधोमध डोळा तयार होतो आणि त्याभोवती उंच ढगांची भिंत. सर्वांत जोराचा वारा याच भिंतीत असतो, डोळ्यात नव्हे.

अंत होतो जमिनीवर गेल्याने, थंड पाण्यावर सरकल्याने, कोरडी हवा आत शिरल्याने किंवा विंड शिअर वाढल्याने. जमिनीवर वारा सहसा दिवसभरात मोडतो. पाऊस तितक्या लवकर मोडत नाही (प्रश्न 8).

5. मग फ्रेडी इतके दिवस कसे टिकले?

वाट चांगली मिळाली. दक्षिणेला उच्च दाबाचा लांबलचक पट्टा होता आणि त्याच्या उत्तर कडेने वादळ पश्चिमेला ढकलले जात राहिले. या वाटेवर सुमारे 7,000 किलोमीटर नुसता उघडा समुद्र आहे. फेब्रुवारी म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्याची अखेर, पाणी भरपूर तापलेले.

दुसरे कारण वेगाचे. एका जागी थांबलेले वादळ खालचे थंड पाणी घुसळून वर आणते आणि स्वतःच्याच इंधनावर पाणी ओतते. फ्रेडीचा पूर्ण प्रवासातला सरासरी वेग तासाला 15 किलोमीटरच्या आसपास भरतो आणि समुद्र ओलांडताना तो याहून जास्त होता, त्यामुळे बहुतेक वेळ पायाखाली ताजे गरम पाणी मिळत गेले. आकारानेही ते आटोपशीर होते. लहान वादळ लवकर मोडते हे खरे, पण परिस्थिती सुधारली की ते सावरतेही तितक्याच लवकर.

तिसरे कारण मोझांबिकची सामुद्रधुनी. मार्चमध्ये तिथले पाणी चांगलेच गरम होते आणि वादळाला पुढे ढकलणारे वारे क्षीण झाले होते. एका उच्च दाबाच्या क्षेत्राची पकड सुटून दुसऱ्याची बसेपर्यंत ते मादागास्कर आणि आफ्रिका यांच्यामध्येच घुटमळले. ही सामुद्रधुनी नसती तर फ्रेडी फेब्रुवारीतच संपले असते.

6. ते सात वेळा जोमात आले असे वाचले. म्हणजे नेमके काय?

वाऱ्याचा टिकून राहणारा वेग 24 तासांत किमान 55 किलोमीटर प्रतितास वाढला, तर त्याला जलद तीव्रीकरण म्हणतात. फ्रेडीच्या आयुष्यात असे सात वेगवेगळे प्रसंग नोंदले गेले, आणि तोही विक्रम मानला जातो. अमेरिकी नौदलाच्या अंदाजानुसार शिखरावर असताना एक-मिनिट सरासरी वारा ताशी सुमारे 270 किलोमीटर होता.

दोन प्रसंगांच्या मधली घसरण कधी कोरड्या हवेमुळे किंवा शिअरमुळे होते, तर कधी आतूनच. जुन्या भिंतीबाहेर नवी भिंत तयार होते, आतली उपाशी पडून मोडते, वारा काही काळ उतरतो आणि मग नवी भिंत आवळत आली की पुन्हा चढतो. म्हणून शिखरावर असलेले वादळ अचानक सौम्य झाल्याची बातमी आली तर काम थांबवू नका. पुढच्या दीड दिवसात ते परत चढू शकते.

7. वेगवेगळ्या संकेतस्थळांवर एकाच वादळाचे वेगवेगळे आकडे का दिसतात?

सरासरी किती मिनिटांची घेतली यावर आकडा बदलतो. अमेरिकी संस्था 1 मिनिटाची सरासरी देतात, भारतीय हवामान विभाग 3 मिनिटांची, रेयुनियाँ आणि ऑस्ट्रेलिया 10 मिनिटांची. त्याच वाऱ्याचा 1 मिनिटाचा आकडा 10 मिनिटांच्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मोठा येतो. झोत, म्हणजे क्षणभर येणारा जोराचा वारा, त्याहून मोठे: मानांझारीला आदळताना सरासरी वारा ताशी सुमारे 130 किलोमीटर आणि झोत 180 च्या घरातले होते. तुलना करायची तर एकाच संस्थेचे आकडे घ्या.

शिवाय दक्षिण हिंदी महासागरात वादळात शिरून मोजणी करणारी विमाने नियमित जात नाहीत. तीव्रता ठरवली जाते ती बहुतांशी उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकृतिबंधावरून, ड्वोराक पद्धतीने. हा अंदाज असतो, वाऱ्याची प्रत्यक्ष मोजणी नव्हे.

8. मलावीला समुद्रच नाही. तिथे सर्वांत जास्त माणसे कशी गेली?

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे, म्हणून उत्तर थोडे लांब.

11 मार्चला केलिमानेजवळ जमिनीवर आल्यावर वादळाचा वारा उतरत गेला, पण ते पुढे सरकेना. पूर्वेकडून, म्हणजे सामुद्रधुनीच्या गरम पाण्यावरून, दमट हवा त्याच्या भोवऱ्यात ओढली जात राहिली. दक्षिण मलावीत ही हवा थेट डोंगरांना भिडते: 3,002 मीटर उंचीचा मुलांजे पर्वत आणि ब्लँटायर शहर ज्यावर वसले आहे तो शिरे नदीच्या बाजूचा डोंगराळ प्रदेश. हवा वर चढली, थंड झाली आणि पाऊस थांबायचे नाव घेईना. सहा महिन्यांचा पाऊस सहा दिवसांत झाला.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. 400 मिलिमीटर पाऊस पडला तर एका हेक्टरवर 40 लाख लिटर, म्हणजे 4,000 टन पाणी पडते. मार्च म्हणजे तिथल्या पावसाळ्याची अखेर. माती आधीच भरलेली होती, आणखी पाणी मुरायला जागा नव्हती. ब्लँटायरच्या सोचे डोंगराच्या उतारावरची झाडी सरपणासाठी आणि घरांसाठी वर्षानुवर्षे तुटत आली आहे, आणि त्याच्या पायथ्याशी चिलोब्वेसारख्या दाट वस्त्या आहेत. 12 मार्चची रात्र आणि 13 ची पहाट या वेळेत चिखल आणि मोठमोठे दगड घरांवर आले, लोक झोपेत असताना. बरीच घरे मातीच्या किंवा कच्च्या विटांची होती.

13 मार्चला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लाझारस चाक्वेरा यांनी दक्षिण मलावीत आपत्ती जाहीर केली. पुढे सरकारी आकड्यांनुसार 679 मृत्यू, 537 बेपत्ता आणि सुमारे 6 लाख 59 हजार विस्थापित अशी नोंद झाली. मोझांबिकमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. मादागास्करमध्ये, जिथे ते ताशी सुमारे 130 किलोमीटर वाऱ्यानिशी आदळले, मृतांचा आकडा 20 च्या आत राहिला.

हा क्रम नीट पाहा. वाऱ्याच्या मोजपट्टीवर फ्रेडी सर्वांत खाली उतरले होते तेव्हाच त्याने सर्वांत जास्त माणसे मारली. वादळाची श्रेणी ही वाऱ्याची श्रेणी असते. पाऊस, उतार, मातीतले पाणी, वादळ पुढे सरकण्याचा वेग यांपैकी काहीही त्या आकड्यात नसते.

9. मादागास्करमध्ये आणि मोझांबिकच्या पहिल्या फेरीत मृत्यू तुलनेने कमी का झाले?

वादळ पंधरा दिवस समुद्रावरून येताना दिसत होते, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. मादागास्करमध्ये लोकांना आधीच हलवले होते, आणि वादळ झपाट्याने बेट ओलांडून गेल्याने एका जागी पाऊस मर्यादित राहिला. मोझांबिकमध्येही 2019 च्या इदाई वादळानंतर इशारे पोचवण्याच्या व्यवस्थेवर बरेच काम झाले होते.

दुसऱ्या फेरीत तयारीच्या मुदती तुटल्या. वादळ घुटमळत होते, तारीख पुढे-मागे होत होती, माणसे निवाऱ्यांतून घरी परतली होती, आणि पहिल्या पुराचे पाणी अजून शेतात उभे होते. मलावीतही हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला होता. पण पाऊस पडणार हे कळणे वेगळे आणि आपल्या घरामागचा डोंगर आज रात्री खाली येणार हे कळणे वेगळे. इशाऱ्यात डोंगराचे आणि वस्तीचे नाव नसेल तर लोक घर सोडत नाहीत.

10. वादळानंतरचे नुकसान किती काळ पुरते?

वाऱ्याच्या नुकसानीपेक्षा पुष्कळ जास्त काळ. मलावीत मार्च 2022 पासून कॉलऱ्याची साथ चालू होती, त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत मोठी. तिने 1,700 हून अधिक बळी घेतले. पुराने संडास आणि विहिरी एक केल्या. केलिमाने परिसरातही वादळानंतर कॉलरा भडकला. मक्याची कापणी एप्रिलच्या आसपास होते, म्हणजे पीक तयार होण्याच्या तोंडावर वाहून गेले आणि पुढचे वर्षभर घरात धान्य नव्हते.

विजेचेही तसेच. जानेवारी 2022 च्या आना वादळाने शिरे नदीवरचे कापिचिरा जलविद्युत केंद्र निकामी केले होते, आणि देशाच्या विजेचा सुमारे 30 टक्के भाग एका फटक्यात गेला होता. मागच्या वादळाची डागडुजी पुरी होण्याआधी पुढचे येते, हीच त्या भागाची मोठी अडचण आहे.

11. वादळाची कोणती बाजू जास्त धोक्याची?

वादळाच्या पुढे जाण्याच्या दिशेकडे तोंड करून उभे आहात असे धरा. उत्तर गोलार्धात उजवी बाजू, दक्षिण गोलार्धात डावी. त्या बाजूला फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग एकत्र येतात, आणि बहुधा त्याच बाजूला समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटले जाते.

कोकणातले ताजे उदाहरण 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाचे. ते अलिबागच्या दक्षिणेला ईशान्येकडे तोंड करून जमिनीवर आले. उजवी बाजू म्हणजे श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर. नारळी-पोफळीच्या बागा सर्वांत जास्त तिथेच आडव्या झाल्या, आणि मुंबई डाव्या बाजूला राहिल्याने तिच्या वाट्याला तुलनेने कमी आले.

समुद्रावर असाल तर जुना नियम: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात की वादळाचा मध्य डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूला असतो. दक्षिण गोलार्धात उजव्या हाताला.

12. मच्छीमार आणि नाविकांनी वादळापासून किती अंतर राखावे?

अंदाजातल्या चुकीला जागा ठेवून. प्रचलित नियम 1-2-3 चा आहे: 24 तासांपुढच्या अंदाजाला 100 सागरी मैल, 48 तासांपुढच्याला 200 आणि 72 तासांपुढच्याला 300 सागरी मैल अशी त्रिज्या, आणि त्यात 34 नॉट (ताशी सुमारे 63 किलोमीटर) वाऱ्याचा पट्टा मिळवायचा. त्या वर्तुळात जायचे नाही. लांब टिकणाऱ्या, वळणाऱ्या वादळात यापेक्षा जास्तच अंतर हवे, कारण मार्ग दाखवणारे वारे क्षीण असतात तेव्हा चुका मोठ्या होतात.

आपल्याकडे बंदरात तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे त्या बंदरावर जोराच्या वाऱ्याचे सावट आहे. बावटा उतरेपर्यंत होडी पाण्यात घालू नये. वादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाही त्याच्या लाटा आधी येऊन पोचतात, वारा नसताना लांब-लांब अंतराने. अशी दमदार फुगी दिसली तर आकाश निरभ्र असले तरी विश्वास ठेवू नका.

13. मॉरिशसमध्ये नातेवाईक आहेत. तिथले वर्ग 1 ते 4 म्हणजे काय?

तिथल्या मराठी कुटुंबांचे आप्त हे नेहमी विचारतात. फ्रेडीच्या वेळी लागू असलेली पद्धत अशी: ताशी 120 किलोमीटरचे झोत येण्याच्या 36 ते 48 तास आधी वर्ग 1. असे झोत येण्याआधी दिवसाउजेडीचे 12 तास मिळावेत अशा बेताने वर्ग 2, 6 तास मिळावेत अशा बेताने वर्ग 3. झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि चालू राहणार असतील तर वर्ग 4. दिवसाउजेडीचा हिशेब फार शहाणपणाचा आहे, कारण पत्रे बांधणे आणि म्हाताऱ्या माणसांना हलवणे अंधारात होत नाही. फ्रेडीच्या वेळी मॉरिशसमध्ये वर्ग 3 पर्यंत इशारा गेला होता, विमाने थांबवली होती आणि व्यवहार बंद होते.

14. मध्येच वारा थांबला आणि ऊन पडले, तर बाहेर पडावे का?

नाही. तुम्ही डोळ्यात आहात. तो सरकला की वारा विरुद्ध दिशेने, एकदम, पूर्ण जोराने येतो. आधीच्या वाऱ्याने एका बाजूला कललेली झाडे आणि खांब दुसऱ्या बाजूला पडतात. बाहेर पडायचे ते हवामान खात्याने वादळ पुढे गेल्याचे सांगितल्यावर.

15. अंदाजाच्या नकाशातला शंकू म्हणजे वादळाचा आकार का?

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. शंकू दाखवतो तो वादळाचा मध्य कुठे असू शकेल याची शक्यता. वारा आणि पाऊस त्याच्या बाहेर शेकडो किलोमीटर असू शकतात. शिवाय मध्य शंकूबाहेर गेल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत, कारण तो आखलेलाच असतो मागच्या चुकांच्या सरासरीवरून.

16. अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात 36 दिवसांचे वादळ होऊ शकेल का?

जवळजवळ अशक्य. दोन्ही समुद्र तिन्ही बाजूंनी जमिनीने वेढलेले. कुठेही गेले तरी आठवडाभरात किनारा येतो. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी वाऱ्यांमुळे विंड शिअर इतका असतो की मोठी वादळे बनतच नाहीत. म्हणून आपला मोसम दोन तुकड्यांत: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

आपल्या मापाने लांब म्हणजे जून 2023 चे बिपरजॉय: 13 दिवस 3 तास. ते अरबी समुद्रात संथपणे उत्तरेला सरकत राहिले आणि 15 जूनला कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. त्याचे अवशेष पुढे राजस्थानात गेले आणि वाळवंटी जिल्ह्यांत पूर आला. म्हणजे प्रश्न 8 मधलाच धडा, इथल्या भूगोलात.

17. डोंगराच्या पायथ्याशी राहतो. दरड येणार हे आधी कळते का?

कधी कळते, कधी नाही. माळीण (2014), तळीये (2021) आणि इर्शाळवाडी (2023) इथल्या दरडी चक्रीवादळाच्या नव्हत्या, मोसमी पावसाच्या होत्या. पण भरलेली माती आणि सतत पडणारा पाऊस हे गणित ब्लँटायरसारखेच. खुणा अशा: जमिनीत किंवा भिंतीत नव्या भेगा, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, झाडे आणि खांब कलणे, नवे झरे फुटणे, ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे. सर्वांत वाईट खूण म्हणजे भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी होणे: वर कुठेतरी माती अडून बांध झाला आहे आणि तो फुटणार आहे.

यातली एकही खूण दिसली तर सामान न गोळा करता निघा, आणि ओढ्याच्या काठाने खाली न जाता आडवे, कडेला जा. खुणा दिसल्या नाहीत तरी अतिवृष्टीचा इशारा असेल तर रात्र पायथ्याशी काढू नका.

18. पुरानंतर विहिरीचे पाणी कसे शुद्ध करावे?

आधी गाळ आणि गढूळ पाणी उपसून काढा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते. मग विहिरीतले पाणी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) गुणिले 3.14, भागिले 4, आणि आलेल्या आकड्याला 1,000 ने गुणले की लिटर. 4 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी असेल तर सुमारे 62,800 लिटर.

चांगल्या प्रतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे 157 ग्रॅम. हे नुसत्या निर्जंतुकीकरणाचे किमान प्रमाण आहे. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला किती जास्त लागेल ते आरोग्य केंद्राकडून तपासून घ्या. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, पाच-दहा मिनिटे निवळू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, पाणी जड होते. एक तास पाणी उपसू नका.

पावडर जुनी, ओल लागलेली असेल तर तिच्यातले क्लोरीन उडून गेलेले असते आणि प्रमाण बरोबर असूनही काम होत नाही. सर्वाधिक फसगत इथेच होते. पावडर नसेल तर पाणी खळखळून उकळा आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ठेवा.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसची पुडी मिळेपर्यंत एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडले तर लहान मुलांना अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा.

19. फ्रेडी हवामानबदलामुळे आले का?

एखादे वादळ केवळ त्यामुळेच आले असे सांगता येत नाही. पण काही गोष्टी पक्क्या आहेत. हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरते, म्हणून त्याच वादळाचा पाऊस वाढतो. समुद्रपातळी चढली आहे, म्हणून तेच उधाण जास्त आत शिरते. एकूण वादळांतला तीव्र वादळांचा वाटा गेल्या चार दशकांत वाढला असण्याची बरीच शक्यता आंतरसरकारी हवामानबदल समितीने (आयपीसीसी) नोंदवली आहे. वादळांची एकूण संख्या वाढते आहे असे मात्र म्हणता येत नाही. वादळे जास्त दिवस टिकू लागली आहेत, असे एकट्या फ्रेडीवरून सिद्ध होत नाही.

20. हद्द बदलली तरी फ्रेडीचे नाव का बदलले नाही? लिऑन-एलिनचे तर बदलले होते.

2000 साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतून आलेल्या लिऑनला पश्चिमेकडे आल्यावर एलिन हे नाव मिळाले होते, म्हणून नोंदीत जोडनाव आहे. आता 90 अंश रेखांश ओलांडणारे वादळ आधीचेच नाव ठेवते. त्याच साली हुडाह हेही वादळ त्याच वाटेने आफ्रिकेपर्यंत आले. त्यानंतर फ्रेडीपर्यंत तेवीस वर्षे कोणी ती वाट पुरी केली नव्हती.

21. मध्येच वादळ दर्जाखाली गेले, तर 36 दिवस सलग कसे मोजले?

विक्रम तपासणाऱ्या समितीपुढचा कळीचा मुद्दा हाच होता. फ्रेडी आयुष्यात अधूनमधून वादळाच्या दर्जाखाली घसरले होते. पण भोवरा तोच होता, त्याचा माग तुटलेला नव्हता. जुना भोवरा विरून त्याच जागी नवा तयार झाला असता तर ते दुसरे वादळ ठरले असते आणि त्याला नवे नाव मिळाले असते. पहिल्या ढगांपासून शेवटच्या अवशेषांपर्यंतचा काळ 36 दिवसांहून मोठा आहे. मोजला जातो तो वादळाच्या दर्जातला काळ. म्हणून 37 किंवा 38 दिवस असे आकडे दिसले तर ते कुठून कुठवर मोजले आहेत ते आधी पाहा.

22. जॉन आधी हरिकेन, मग टायफून, मग पुन्हा हरिकेन झाले, हे खरे का?

खरे. ऑगस्ट-सप्टेंबर 1994 मध्ये ते मेक्सिकोच्या बाजूने निघून आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून पश्चिमेला गेले आणि नंतर वळून परत पूर्वेला आले. हद्दीप्रमाणे वर्ग बदलला, वादळ तेच. इतका लांब प्रवास करूनही त्याने फारसे नुकसान केले नाही, कारण वाटेत जमीनच जवळजवळ नव्हती.

23. एवढे फिरणारे वादळ विषुववृत्त ओलांडू शकते का?

नाही. भोवऱ्याला वळण देणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम विषुववृत्तावर शून्य होतो आणि पलीकडे उलटा होतो. शिवाय वादळे स्वभावतः ध्रुवांच्या बाजूला सरकतात. फ्रेडीच्या नकाशात कितीही वेटोळी दिसली तरी ते पूर्ण वेळ विषुववृत्ताच्या दक्षिणेलाच होते.